मंजुरीचा कागद : साईबाबा खटला, आरोपीचा वकील आणि नागपूर खंडपीठ

एकच अपील, एकच न्यायालय, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, आणि तिथली दोन-दोन न्यायमूर्तींची दोन वेगळी खंडपीठं. सतरा महिन्यांच्या अंतराने दोघांनी निकाल दिले आणि दोन्ही वेळा आरोपी सुटले. मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाने पहिला निकाल आधी थोपवला, मग रद्द केला. पहिला निकाल देणाऱ्या खंडपीठाच्या ज्येष्ठ न्यायमूर्तींनी भर कोर्टात राजीनामा दिला. सहापैकी एक आरोपी पहिल्या निकालाच्या आधीच वारला होता. आणि गडचिरोलीत ज्यांनी हा खटला लढवला ते नागपूरचे फौजदारी वकील दोन्ही निकालांच्या वेळी स्वतः तुरुंगात होते.

न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला की आपली चर्चा न्यायाधीशांभोवती फिरते. नेमणुका कोण करतो, बदली कशी होते, निवृत्तीनंतर कोणाला काय मिळालं. हे सगळं महत्त्वाचंच आहे. पण जी. एन. साईबाबा आणि इतरांच्या या खटल्याकडे मला दुसऱ्या टोकाकडून पाहायचं आहे. न्यायमूर्ती कितीही ताठ कण्याचे असले तरी अपिलात ते रेकॉर्डच्या बाहेर जाऊ शकत नाहीत. रेकॉर्डवर पुराव्याचं काय काय उतरतं, हे बऱ्याच अंशी खालच्या कोर्टात आरोपीच्या बाजूने उभा असलेला वकील ठरवतो. त्याचे हात बांधले की वरच्या न्यायमूर्तींचे हातही आपोआप आखूड होतात. हा खटला त्याचं जवळून पाहण्यासारखं उदाहरण आहे.

अहेरी ते गडचिरोली

सुरुवात ऑगस्ट २०१३ मधली. गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीच्या बसस्थानकावर महेश तिरकी, पांडू नरोटे हे दोन आदिवासी तरुण आणि दिल्लीतला विद्यार्थी हेम मिश्रा यांना पकडल्याचं पोलिसांचं म्हणणं. पाठोपाठ प्रशांत राही आणि विजय तिरकी. १२ सप्टेंबर २०१३ रोजी दिल्ली विद्यापीठाच्या परिसरात साईबाबांच्या घराची झडती झाली आणि संगणकाचं साहित्य जप्त झालं. त्यांना अटक झाली ती ९ मे २०१४ रोजी. साईबाबा रामलाल आनंद कॉलेजात इंग्रजी शिकवत. लहानपणीच पोलिओ झालेला, अपंगत्व ९० टक्के, सगळी हालचाल चाकाच्या खुर्चीवरून.

बंदी घातलेल्या भाकप (माओवादी) पक्षाचं आणि त्याच्या आघाडीच्या संघटनेचं काम केल्याचा आरोप होता. कलमं बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याची, म्हणजे यूएपीएची : १३, १८, २०, ३८, ३९, सोबत भारतीय दंड संहितेचं १२०-ब. सरकार पक्षाने २३ साक्षीदार तपासले. ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना दोषी धरलं. पाच जणांना जन्मठेप, विजय तिरकीला दहा वर्षं. निकालपत्र ८२७ पानांचं.

त्या निकालातला शिक्षेवरचा भाग आजही वाचण्यासारखा आहे. नक्षलवादाच्या भीतीमुळे १९८२ पासून जिल्ह्याचा विकास लुळा पडला आहे, त्यामुळे जन्मठेपही अपुरी आहे, पण कायद्याने हात बांधलेले आहेत, अशा आशयाचं न्यायाधीशांनी लिहिलं. आता, जिल्हा मागे राहिला हे कोण नाकारील? पण त्या मागासलेपणाचा हिशेब पुढ्यातल्या सहा माणसांच्या नावावर टाकायचा, तर तसा पुरावा त्यांच्याविरुद्ध हवा. न्यायाधीशांना कोणी फोन केला असं म्हणण्याची इथे गरज नाही आणि माझा तसा रोखही नाही. जिथे पोलीस ठाणं हाच सरकारचा सगळ्यात ठळक चेहरा असतो, जिथे शहीद जवानांच्या अंत्ययात्रा कोर्टाच्या रस्त्यावरून जातात, तिथे वातावरणच पुरेसं असतं. स्वातंत्र्य फक्त मंत्र्यापासून जपावं लागतं असं नाही, ते गावापासूनही जपावं लागतं. म्हणून तर गडचिरोलीचं अपील दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये येतं, जिथे वाचणाऱ्याला निदान कागदाकडे कागद म्हणून पाहता येतं.

कलम ४५

पहिल्या निकालाचा सगळा भार एका मंजुरीवर आहे. यूएपीएच्या कलम ४५ प्रमाणे सरकारची पूर्वमंजुरी असल्याशिवाय कोणतंही न्यायालय अशा गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. २००८ च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक चाळणी बसवली. मंजुरी देण्याआधी एका स्वतंत्र प्राधिकाऱ्याने तपासातला सगळा पुरावा बघायचा आणि शिफारस करायची. त्याच वर्षीच्या नियमांनी मुदतही घातली : शिफारशीला सात कामाचे दिवस, मंजुरीला आणखी सात.

ही चाळणी कशासाठी, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं समजणार नाही. या कायद्यात दोषारोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले की कलम ४३-ड(५) प्रमाणे जामीन नाही. म्हणजे माणूस निर्दोष असला तरी ते सिद्ध होईपर्यंत आत राहणार, हे कायद्याने जवळपास गृहीतच धरलेलं आहे. अशा ठिकाणी खटला सुरू होण्याआधी कोणीतरी तपास यंत्रणेच्या बाहेरच्या माणसाने फाइल उघडून वाचावी, एवढीच ती अपेक्षा. आरोपीला खटल्याआधी मिळणारं जवळपास एकमेव संरक्षण.

इथे काय झालं? पाच आरोपींविरुद्धची मंजुरी फेब्रुवारी २०१४ मधली. तिच्यामागच्या शिफारशीत कारणमीमांसा म्हणावी असं काही नव्हतं. साईबाबांविरुद्धची मंजुरी ६ एप्रिल २०१५ ची. तोवर कोर्टाने दखल घेतलेली होती आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये आरोपही निश्चित झाले होते. लग्न लागल्यावर मुलीची पसंती विचारावी, तशातला हा प्रकार. कायद्यात ‘पूर्व’मंजुरी म्हटलं आहे, मागाहून आलेला कागद कितीही व्यवस्थित असला तरी तो पूर्वमंजुरी होत नाही.

१४ ऑक्टोबर २०२२ रोजी न्या. रोहित देव आणि न्या. अनिल पानसरे यांच्या खंडपीठाने नेमकं हेच म्हटलं. वैध मंजुरीअभावी खटलाच मुळात शून्यवत, म्हणून सगळे मुक्त. दहशतवादाचा धोका खंडपीठाने नाकारला नाही. तो धोका खरा आहे, पण त्याच्याशी लढताना कायद्याने दिलेली कार्यपद्धतीची संरक्षणं बाजूला ठेवता येणार नाहीत, हा त्या निकालाचा गाभा. हे लिहिणारे न्या. देव न्यायमूर्ती होण्याआधी राज्याचे महाधिवक्ता होते. सरकारची बाजू मांडलेल्या माणसाने सरकारचा खटला मंजुरीवर पाडला, यातच ‘आरोपींची बाजू घेतली’ या आरोपाचं उत्तर आहे.

फौजदारी वकिलाला आयुष्यभर ऐकावं लागतं : हा तर तांत्रिक मुद्दा झाला, गुन्ह्याबद्दल बोला. पार टपरीवरचा माणूसही तेच म्हणतो. पण पोलिसांनी चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं हाही तांत्रिक मुद्दाच आहे. पंचासमक्ष जप्ती करायची हाही तांत्रिक मुद्दा. फौजदारी कायद्यातून तांत्रिक मुद्दे काढून टाकले तर उरतं ते तपास अधिकाऱ्याचं मत.

शुक्रवार संध्याकाळ, शनिवार सकाळ

निकाल लागला तो शुक्रवार होता. त्याच दिवशी सरकारतर्फे सॉलिसिटर जनरल तुषार मेहता सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठापुढे गेले आणि स्थगिती मागितली. पीठाने तोंडी विनंतीवर स्थगिती द्यायला नकार दिला; प्रकरण लावून घेण्यासाठी निबंधकांकडे अर्ज करण्याची मुभा दिली. आणि दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, कोर्टाला सुट्टी असताना न्या. एम. आर. शहा आणि न्या. बेला त्रिवेदी यांचं विशेष पीठ बसलं. उच्च न्यायालयाने पुराव्याच्या गुणदोषात न जाता केवळ मंजुरीवर निकाल दिला, हे त्यांना खटकलं. दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४६५ चा प्रश्न त्यांनी पुढे ठेवला : एकदा गुणदोषावर शिक्षा झाल्यावर, न्यायहानी झाल्याचं दिसल्याशिवाय, मंजुरीतल्या चुकीवरून ती उलटवता येते का? निकालाला स्थगिती मिळाली. साईबाबांना निदान घरातच स्थानबद्ध ठेवा ही विनंतीही फेटाळली गेली. दहशतवादी किंवा माओवादी कारवायांत मेंदू जास्त धोकादायक असतो, असंही पीठ सुनावणीत बोललं. हे सर्वसाधारण बोलणं आहे, या प्रकरणापुरतं नाही, अशी पुस्ती जोडून. वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहाचं दार उघडलं नाही.

स्थगिती देण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला आहे, त्याबद्दल वादच नाही. कलम ४६५ चा प्रश्नही पोरकट नाही, त्यावर दोन्ही बाजूंनी गंभीर युक्तिवाद होऊ शकतो. मला बोच आहे ती वेगाची. २०१७ चं अपील नागपुरात निकाली निघायला साडेपाच वर्षं लागली. त्या काळात तब्येतीच्या कारणावरून केलेले जामिनाचे अर्ज फेटाळले गेले. जुलै २०२० च्या अखेरीस, आई कर्करोगाने शेवटच्या घटका मोजत असताना तिला भेटण्यासाठी मागितलेली तात्पुरती सुटका याच नागपूर खंडपीठाने नाकारली. काही दिवसांतच आई गेली. २५ ऑगस्ट २०२२ रोजी पांडू नरोटे हा ३३ वर्षांचा आरोपी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय रुग्णालयात मरण पावला. निकाल दोन महिनेही लांब नव्हता. या सगळ्याला शनिवारची बैठक कोणी लावली नाही. घड्याळ दोन्ही पक्षांसाठी सारखं चालतं का, हाही न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याचाच प्रश्न आहे, आणि आरोपीच्या वकिलाला तो रोज तारखेच्या रूपात भेटतो.

नागपूर खंडपीठाचा निकाल दिल्लीत पडण्याचा हा काही पहिला प्रसंग नव्हे. आणीबाणीत स्थानबद्धांना देहोपस्थितीचा (हेबियस कॉर्पसचा) अर्ज करता येतो असं म्हणणाऱ्या उच्च न्यायालयांत नागपूर खंडपीठही होतं. २८ एप्रिल १९७६ रोजी एडीएम जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते सगळे निकाल फिरवले. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना. ते बहुमत चुकलं होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने स्वतः म्हणायला ऑगस्ट २०१७ उजाडलं. ही दोन प्रकरणं एका मापाची नाहीत, याची मला जाणीव आहे. पण वरचं न्यायालय शेवटचं असतं म्हणून ते बरोबरच असतं असं नाही, हे नागपूरच्या बारला कोणी शिकवायची गरज नाही.

१९ एप्रिल २०२३ रोजी न्या. शहा आणि न्या. सी. टी. रविकुमार यांनी पहिला निकाल रद्द करून अपील पुन्हा नागपूरला पाठवलं. मंजुरीसकट सगळे मुद्दे खुले, शक्यतो चार महिन्यांत निकाल, आणि खंडपीठ मात्र वेगळं.

मधेच ४ ऑगस्ट २०२३ ला न्या. देव यांनी नागपुरात भर कोर्टात राजीनामा जाहीर केला. स्वाभिमानाविरुद्ध काम करू शकत नाही, असं ते म्हणाले, हजर वकिलांची माफीही मागितली. बाररूममध्ये त्या दिवसापासून या राजीनाम्याचा आणि साईबाबा निकालाचा संबंध जोडणारे पुष्कळ आहेत. मी तो जोडत नाही. दोन घटना एका माणसाच्या आयुष्यात घडल्या म्हणून त्यातली एक दुसरीचं कारण होत नाही, आणि पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नका असं दिवसभर कोर्टाला सांगणाऱ्यांनी तर हा मोह टाळायलाच हवा.

उलटतपासाची पानं

दुसऱ्यांदा अपील ऐकलं ते न्या. विनय जोशी आणि न्या. वाल्मिकी मेनेझेस यांनी. ५ मार्च २०२४ चा निकाल पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, कारण आता पुरावाही उघडायचा होता. मंजुरी अवैध, हे त्यांनीही म्हटलंच; बंधनकारक तरतुदी डावलून खटला चालवणं हीच न्यायहानी, असं म्हणून ४६५ च्या प्रश्नालाही उत्तर दिलं. पण ते तिथे थांबले नाहीत. तिघांची अटक आणि त्यांच्याकडची जप्ती कायदेशीररीत्या शाबीत नाही. साईबाबांच्या घरातली जप्ती शाबीत नाही. इलेक्ट्रॉनिक पुरावा हा पुरावा कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कसोटीला उतरत नाही. आणि इंटरनेटवरून साम्यवादी किंवा नक्षलवादी विचारांचं साहित्य उतरवून घेणं, हा एखाद्या कृत्यातल्या नेमक्या सहभागाचा पुरावा असल्याशिवाय, गुन्हा होत नाही.

‘शाबीत नाही’ हे शब्द २०२४ मध्ये लिहिले गेले, पण त्यांचा कच्चा माल गडचिरोलीच्या साक्षींतला आहे. उच्च न्यायालयापुढे साक्षीदार येत नाही; येतं ते त्याच्या साक्षीचं टंकलेखन. ज्यांनी खालच्या कोर्टात कधी उलटतपास पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश त्या दोन्हींचं मिळून एक वाक्य टायपिस्टला सांगतात : ‘हे म्हणणे खरे आहे की…’ किंवा ‘हे म्हणणे खरे नाही की…’. वकिलाचं सगळं कसब त्या ‘की’च्या पुढे काय टंकलं जातं यात. साक्षीदार सहज बोलून जातो आणि ते वाक्य टाइप झालंच नाही, तर वकिलाने तिथल्या तिथे उठून ‘साहेब, हे घ्या’ म्हणावं लागतं. न्यायाधीशांची नाराजी सोसावी लागते. सरकारी वकील हरकत घेतो. रोज त्याच कोर्टात उभं राहायचं असताना हे करायला धाडस लागतं, आणि त्याची फी कोणी देत नाही.

दिल्लीच्या झडतीचा पंच हा असाच. साक्षीतून पुढे आलं की पोलीस घरात जप्ती करत असताना त्याला बाहेर थांबवलं होतं. म्हणजे ज्याने जप्ती पाहायची, त्याने ती पाहिलीच नाही. शिवाय तो निरक्षर. विद्यापीठाच्या परिसरात, जिथे दर दुसऱ्या दारामागे शिकलेला माणूस राहतो, तिथे निरक्षर पंचच का सापडावा, असा प्रश्न उच्च न्यायालयाला पडला. तो पडावा यासाठी आधी ती साक्ष रेकॉर्डवर असावी लागते. सत्र न्यायालयानेही हीच साक्ष ऐकली होती आणि तरी शिक्षा केली. ते उत्तर मात्र कागदावर राहिलं होतं.

दोन दिवसांनी, ७ मार्च २०२४ ला साईबाबा नागपूर कारागृहातून बाहेर आले. शिक्षा झाली तीही ७ मार्चलाच, सात वर्षांपूर्वी. राज्य सरकार पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलं. ११ मार्चला न्या. भूषण गवई आणि न्या. संदीप मेहता यांच्या पीठाने अपील दाखल करून घेतलं, पण स्थगिती दिली नाही. निकाल प्रथमदर्शनी नीट कारणं देऊन लिहिलेला आहे आणि ही सुटका फार कष्टाने मिळालेली आहे, असं पीठाने बोलून दाखवलं. न्या. गवई मूळचे अमरावतीचे, वकिली नागपूर खंडपीठापुढची. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी हैदराबादच्या निम्स रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर साईबाबा गेले. बाहेर आल्याला सात महिने झाले होते.

वकील आरोपी होतो तेव्हा

गडचिरोलीत साईबाबांचं वकीलपत्र होतं अ‍ॅड. सुरेंद्र गडलिंग यांचं. नागपूरचे, दलित आणि आदिवासी आरोपींची, विशेषतः यूएपीएची प्रकरणं वर्षानुवर्षं चालवणारे. ६ जून २०१८ रोजी पुणे पोलिसांनी त्यांना भीमा कोरेगाव प्रकरणात अटक केली. पुढे गडचिरोलीतल्या सुरजागड लोहखाणीवरची वाहनं जाळल्याच्या डिसेंबर २०१६ च्या प्रकरणातही त्यांचं नाव आलं. त्यात नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२३ मध्ये जामीन नाकारला आणि सर्वोच्च न्यायालयात तो अर्ज तारखांमागून तारखा घेत राहिला. त्यांच्या संगणकात घातकी प्रणालीच्या साह्याने कागदपत्रं पेरली गेली, असा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये दिला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने (एनआयए) तो मानलेला नाही. गडलिंग यांच्यावरचे आरोप खरे की खोटे, हे त्यांच्या खटल्यात ठरेल. मी त्यांचं वकीलपत्र इथे घेत नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. १९९० साली हवाना इथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने वकिलांच्या भूमिकेविषयी मूलभूत तत्त्वं मान्य केली. त्यातलं एक म्हणजे, आपलं काम करताना वकिलाला त्याच्या अशिलाशी किंवा अशिलाच्या ध्येयाशी एक धरू नये. आपल्याकडच्या बार कौन्सिलचे नियम त्याही पुढे जातात : आरोपीच्या अपराधाबद्दल वकिलाचं वैयक्तिक मत काहीही असो, त्याचा बचाव करणं हे वकिलाचं कर्तव्य आहे. राज्यघटनेचं कलम २२(१) आरोपीला आपल्या पसंतीचा वकील देतं. आणि २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, अमुक आरोपीचं वकीलपत्र घ्यायचं नाही असे बार असोसिएशनचे ठराव रद्दबातल ठरवले. कागदावर सगळं जागच्या जागी आहे.

प्रत्यक्षात काय होतं ते नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, न्यायमंदिरच्या व्हरांड्यात उभं राहिलं की कळतं. खुनाच्या आरोपीचा वकील हा खुनी असतो असं कोणी म्हणत नाही. लाचखोर अधिकाऱ्याचा वकील घरी पाहुणा म्हणून चालतो. पण यूएपीएची ब्रीफ घेतली की ‘तो त्यांचा माणूस आहे’. सीनियर जपून राहायला सांगतात, घरचे लग्नाचं बघतात, बँकेचं पॅनल हातून जाईल म्हणून मित्र सावध करतात. २०१९ मध्ये पेगासस या हेरगिरी प्रणालीने फोन लक्ष्य झाल्याची सूचना व्हॉट्सअ‍ॅपने देशातल्या ज्यांना दिली, त्यात गडलिंग यांचे सहकारी, नागपूरचे अ‍ॅड. निहालसिंग राठोड हेही होते. अशील आणि वकील यांच्यातलं बोलणं गोपनीय, हे पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३२ मध्ये आहे. फोनच कोणी तिसरा वाचत असेल तर त्या कलमाचं लोणचं घालायचं का?

एक आडवी गोष्ट इथेच सांगून टाकतो. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्याच जिल्हा न्यायालयात, कोर्टरूममध्ये, अक्कू यादव या गुंडाला कस्तुरबानगरच्या जमावाने मारलं. ज्या स्त्रियांवर खटला झाला त्यांच्या बाजूने शहरातले किती वकील पुढे आले! त्यांना कोणी खुनाचे समर्थक म्हटलं नाही, आणि म्हणूही नये. म्हणजे वकील आणि अशील यांना वेगळं ओळखण्याची अक्कल या शहराला आहे. ती आपण निवडून वापरतो. ज्याच्याबद्दल लोकांना कणव आहे त्याचा बचाव कोणीही करील. कायद्यातली ती सगळी कलमं दुसऱ्या प्रकारच्या आरोपीसाठीच लिहिलेली आहेत.

गडचिरोलीच्या सत्र न्यायालयात आज एखाद्या माडिया आदिवासी तरुणावर यूएपीए लागला, त्याला मराठीही धड येत नाही, गाव एटापल्लीच्या पुढे. तर त्याच्यासाठी पंचाला आडवेतिडवे प्रश्न कोण विचारणार? विधी सेवा प्राधिकरण वकील देतं, त्यांच्यात चांगलेही आहेत. पण आपल्या आधी जो इथे उभा होता त्याचं काय झालं, हे त्या वकिलालाही ठाऊक असतं. उलटतपास दहा मिनिटांत आटोपला तर कोणाच्याच लक्षात येत नाही. पाच-सात वर्षांनी नागपुरात दोन न्यायमूर्ती ती पानं उलटतात आणि त्यांना तिथे काहीच सापडत नाही. मग ते शिक्षा कायम करतात, प्रामाणिकपणे. न्यायालयाचं स्वातंत्र्य असंही जातं, कोणीही दबाव न आणता.

पुढच्या प्रकरणासाठी

सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुलेश्वर गोप प्रकरणात यूएपीएच्या मंजुरीवर निकाल दिला. पीठात न्या. रविकुमार होते, साईबाबांचं अपील परत पाठवणाऱ्या पीठातले. सात-सात दिवसांची मुदत ही नुसती सूचना नसून बंधनकारक आहे, असं ठरलं. लागू मात्र यापुढच्या प्रकरणांना. सोबत दुसरंही ठरलं : मंजुरीला आव्हान द्यायचं तर ते शक्य तितक्या लवकर, खालच्या कोर्टातच द्यायला हवं. कलम ४६५ चाही (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ५११) तोच रोख आहे. हरकत आधी घेता आली असती का, हे तिथे पाहिलं जातं. म्हणजे मंजुरीची चाळणी मजबूत झाली आणि ती वापरण्याची जबाबदारी पूर्णपणे खालच्या कोर्टातल्या वकिलावर आली. अपिलात वरचा नामवंत सीनियर उभा करून हे भरून काढता येणार नाही.

तेव्हा दोषारोपपत्राची नक्कल हातात पडली की आधी मंजुरीचा आदेश आणि स्वतंत्र प्राधिकाऱ्याची शिफारस काढावी. प्राधिकाऱ्याकडे पुरावा कधी पोचला, शिफारस कधी गेली, मंजुरी कधी झाली आणि कोर्टाने दखल कधी घेतली, या चार तारखा एका कागदावर मांडाव्यात. शिफारस दोषारोपपत्रासोबत नसेल तर ती मागणारा लेखी अर्ज द्यावा, तोंडी बोलून सोडू नये. आरोप निश्चित होण्याआधी हरकत लेखी घ्यावी आणि त्यावर आदेश मागावा. अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता भरपूर आहे. फेटाळल्याच्या आदेशाची आणि त्या दिवसाच्या रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीची, प्रमाणित प्रत लगेच काढून ठेवावी, कारण अपील नागपूरला लागेपर्यंत मूळ रेकॉर्ड गडचिरोलीतच असतं आणि तोवर कदाचित वकीलही बदललेला असतो.